थंडीतला पंधरा दिवसांचा डबा



निफाड तालुक्यात राहणाऱ्यांना थंडी म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले तापमान हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते. काही हिवाळ्यांत तिथला पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला आहे. अशा पहाटे पिंपळगाव बसवंतच्या आसपासच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, धूर केला जातो, ठिबकचे पाणी सोडले जाते. कारण कडाक्याच्या गारठ्यात तयार झालेले मणी तडकतात. एका रात्रीत वर्षभराच्या मेहनतीचे मोल उतरते.

बागेला जपण्यासाठी शेतकरी रात्र जागून काढतो. पण त्याच रात्री आपल्या घरात काय तयारी असते? २६ नोव्हेंबर २०२३ चा रविवार आठवा. नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या आणि निफाड तालुक्यातल्या द्राक्ष-कांद्याची धूळधाण झाली. नुकसानीची बातमी शेतकऱ्याच्या नावाने छापून येते. मात्र बाग झोपली की बागेत काम करणाऱ्या बाईची मजुरी थांबते, क्रेट वाहणाऱ्या टेम्पोवाल्याचा फेरा थांबतो, बाजार समितीतल्या हमालाचा दिवस कोरडा जातो. ज्याचे गॅरेज त्या टेम्पोवर चालते, त्याच्याही हातात पैसा येत नाही. आपल्या समाजातली कितीतरी घरे याच साखळीत आहेत. त्या आठवड्यात किराणा उधारीवर येतो, मग उधारी फेडायला हातउसने घेतले जातात, आणि बचत गटाचा हप्ता तर ठरलेल्या वारी दारात उभाच असतो. दोन आठवड्यांच्या अडचणीचे कर्ज सहा महिने फिटत नाही. या महिन्याचे सदर त्या दोन आठवड्यांसाठी आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस मागेपुढे धरला, तर २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस. आणि २०३० मध्ये तर जानेवारीच्या सुरुवातीला एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा. म्हणजे यापुढची काही वर्षे सेहरीचा स्वयंपाक ऐन थंडीत करायचा आहे. उन्हाळ्यातल्या रोज्यांत पाण्याची काळजी होती, आता उबेची आणि इंधनाची आहे.

साठा आणि साठेबाजी

घरात धान्य भरून ठेवणे म्हणजे अल्लाहवरचा भरवसा कमी पडणे, असे काही भगिनींना वाटते. त्यांनी हजरत यूसुफ (अलै.) यांचा किस्सा आठवावा. सुकाळाची सात वर्षे हातात असताना त्यांनी दुष्काळाच्या सात वर्षांची सोय लावली. खाण्यापुरते काढून घ्यायचे आणि बाकीचे धान्य कणसातच राहू द्यायचे, ही त्यांनी सांगितलेली रीत होती. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना तिचे शहाणपण लगेच कळेल, कारण कणसातला दाणा झोडलेल्या दाण्यापेक्षा जास्त टिकतो.

भाव चढावेत म्हणून माल दाबून ठेवणे ही साठेबाजी, आणि ती आपल्याकडे निषिद्ध आहे. स्वस्ताईत थोडे थोडे घेऊन ठेवणे, आणि टंचाईच्या दिवशी दुकानासमोरच्या रांगेत एक माणूस कमी करणे, हा साठा झाला. दोन्हींतला फरक हेतूचा आहे आणि मापाचाही. म्हणून मापापासूनच सुरुवात करू.

पंधरा दिवसांचे माप

नवरा-बायको, दोन मुले आणि एक वडीलधारे माणूस असे पाच जणांचे घर धरू.

धान्य: लहानमोठे सगळे मिळून माणशी दिवसाला सरासरी ३५० ग्रॅम. पाच जणांना दिवसाला पावणेदोन किलो, पंधरा दिवसांना साधारण २६ किलो. त्यात बाजरी, गहू, तांदूळ आपापल्या सवयीप्रमाणे.
डाळी आणि कडधान्य: दिवसाला पाव किलो, म्हणजे पावणेचार किलो. निम्मी मसूर आणि मूग ठेवावी, कारण ती लवकर शिजते आणि गॅस वाचतो. उरलेल्यात हुलगे, हरभरा डाळ, तूर.
तेल: दीड लिटर.
शेंगदाणे आणि गूळ: प्रत्येकी दीड किलो.
मीठ आणि साखर: प्रत्येकी एक किलो.
खजूर एक किलो, दूध पावडर अर्धा किलो, चहा, हळद, तिखट, जिरे, लसूण.
पाणी: पिण्या-रांधण्यासाठी माणशी दिवसाला चार लिटर. वीज गेली की मोटार बंद आणि नळही कोरडा. तीन दिवसांचे ६० लिटर झाकून ठेवलेले असावे. ते दर दोन-तीन दिवसांनी वापरून पुन्हा भरावे.

आता या यादीतले किती आपल्याकडे आधीच येते ते पाहा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच जणांच्या प्राधान्य घराला २५ किलो, म्हणजे वर धरलेल्या मापाने जवळजवळ दोन आठवड्यांचे धान्य. ते उचलायचे राहू देऊ नका. शिधापत्रिकेवर सुनेचे आणि नव्या बाळाचे नाव लागले आहे ना, तेही पाहून घ्या. ज्याचे नाव नाही, त्याचे ५ किलो दरमहा बुडतात.

मुठीने डबा भरतो

२६ किलो धान्य एकदम घेणे मजुरीच्या घराला परवडणारे नाही, आणि तसे करायचीही गरज नाही. जुन्या बायकांची रीत होती, रांधायला धान्य काढले की त्यातून मूठभर वेगळ्या डब्यात टाकायचे. एका मुठीत ३५ ते ४० ग्रॅम धान्य येते. सकाळी दोन मुठी आणि संध्याकाळी दोन मुठी टाकल्या तर दिवसाला दीडशे ग्रॅम, महिन्याला साडेचार किलो, तीन महिन्यांत साडेतेरा किलो. पावणेदोन किलोच्या रोजच्या स्वयंपाकातून दीडशे ग्रॅम काढले तर जेवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. अर्धा डबा असा भरतो. उरलेला अर्धा खरिपाची बाजरी बाजारात उतरते तेव्हा आणि तुरीचा नवा माल येतो तेव्हा, हातात मजुरी असताना घ्यायचा.

डब्याचा एकच नियम आहे. जुने आधी काढायचे, नवे मागे भरायचे. डबा वर्षभर बंद ठेवला तर संकटाआधी किडे जेवतात. बाजरी दाण्याच्या रूपातच ठेवा. तिच्या पिठात तेलाचा अंश असल्याने ते आठ-दहा दिवसांत कडू पडू लागते. आठवड्यापुरतेच दळून आणा. धान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार करून मगच कोठीत भरा, आणि कोठी भिंतीपासून दूर फळीवर ठेवा. घरावर पत्रे असतील तर ताडपत्रीचा एक तुकडा डब्याजवळच असू द्या. गारांनी पत्रा फुटला तर पहिली धाव तिकडे घ्यावी लागते.

इथे दोन गोष्टी निक्षून सांगायच्या आहेत. आपला भाग द्राक्षांचा आहे, त्यामुळे फवारणीच्या औषधांचे रिकामे कॅन आणि ड्रम घरोघरी दिसतात. कितीही धुतले तरी त्यांत धान्य, तेल किंवा पाणी भरू नका. आणि धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात आणूच नका. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. घरच्या पाच-पंचवीस किलोंना कडक ऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि घट्ट झाकण पुरेसे आहे.

स्वस्ताईचे दिवस ओळखा

आपण कांद्याच्या आणि टोमॅटोच्या बाजारपेठेत राहतो. या बाजाराचे चटके आपल्याला बसतात, तसा त्याचा फायदाही घेता यायला हवा.

उन्हाळ कांदा चाळीत महिनोन् महिने टिकतो, पण थंडीत येणारा लाल कांदा टिकत नाही. त्याला लवकर कोंब फुटतात किंवा तो सडतो. म्हणून लाल कांदा पोत्याने भरून ठेवण्यात अर्थ नाही. तो वाळवून ठेवावा. बाजारात लहान कांदा, म्हणजे आपली गोल्टी, मोठ्या कांद्यापेक्षा स्वस्त असते. सोलायला वेळ जास्त लागतो एवढेच. पातळ काप करून, हलके मीठ चोळून, स्वच्छ कापडावर उन्हात पसरा. हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात तीन-चार दिवसांत ते कडकडीत होतात. दुपार कलली की कापड घरात घ्यायचे, नाहीतर दव बसून काप पुन्हा ओले होतात. कांद्यात शंभरातले पंच्याऐंशी भाग तरी पाणीच असते, त्यामुळे दहा किलोंचे वाळून एक-सव्वा किलो होतील. ही घट पाहून नाराज होऊ नका, चव आणि सत्त्व त्यातच आहे. सालनात टाकताना मूठभर काप कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवायचे. बिरिस्त्यासाठी लागणारे वाटीभर तेलही त्याने वाचते.

मेथीच्या जुड्या थंडीत अगदी स्वस्त होतात. पाने निवडून, धुऊन, निथळून सावलीत वाळवा. उन्हात वाळवली तर रंग आणि वास उडतो. टोमॅटोचा भाव पडला की चार फोडी करून, बी काढून, मीठ लावून वाळवा. उन्हाची खात्री नसेल तर शिजवून आटवलेला घट्ट रस आठवडाभर पुरेल एवढाच करा. गारपिटीच्या आठवड्यात भाजीचा बाजार चढतो, त्या वेळी वाळलेली मेथी, कांदा आणि डाळ घरात असली की सालन होते. बकरी ईदचे हळद-मीठ लावून वाळवलेले मटण कुणाकडे उरले असेल, तर तेही याच दिवसांसाठी राखावे.

हुलग्याचे शेंगोळे

हुलगा गरिबाचा समजला जातो. त्यात शंभरात वीसहून अधिक भाग प्रथिने आहेत, म्हणजे तो डाळींच्या बरोबरीचा आहे. आपल्या भागात थंडीत शेंगोळे घरोघरी होतात. या पदार्थाला भाजी लागत नाही, दूध लागत नाही, आणि पोट तासन् तास भरलेले राहते. सेहरीला याहून चांगले काय?

साहित्य: हुलग्याचे पीठ २ वाट्या, ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ अर्धी वाटी, लसणाच्या १२-१५ पाकळ्या, जिरे २ चमचे, लाल तिखट, हळद, मीठ, तेल ३ चमचे.

कृती: लसूण, जिरे, तिखट आणि मीठ एकत्र वाटून घ्यावे. निम्मे वाटण पिठात घालावे, एक चमचा तेल टाकून घट्ट मळावे. पीठ सैल झाले तर शेंगोळे पाण्यात विरघळतात. हाताला तेल लावून करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या वळाव्यात आणि टोके जुळवून कडी करावी. पातेल्यात उरलेल्या तेलावर राहिलेले वाटण आणि हळद परतून सहा वाट्या पाणी घालावे. खळखळून उकळी आली की एकेक शेंगोळा सोडावा. पहिली पाच मिनिटे डाव लावू नये. मग चमचाभर पीठ पाण्यात कालवून रश्श्यात ओतावे, झाकण ठेवून मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटे शिजवावे. शेंगोळा मोडून पाहावा. आत कोरडे पीठ दिसले नाही की झाले. वाटीत रस्सा भरपूर घ्यावा, थंडीत खरी ऊब त्यातच आहे. वळ्या रात्री वळून झाकून ठेवल्या, तर सेहरीला फक्त उकळायचे काम उरते.

बाजरीची खिचडी

बाजरी पाण्याचा हात लावून दहा मिनिटे ठेवावी, मग खलबत्त्यात कांडून किंवा मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवून कोंडा पाखडून टाकावा. हा भरडा दीड वाटी आणि मुगाची डाळ अर्धी वाटी रात्री भिजत घालावी. भिजलेला भरडा पहाटे कुकरमध्ये लवकर शिजतो. मीठ, हळद आणि सहा-सात वाट्या पाणी घालून शिजवावे, वरून लसणाची फोडणी द्यावी. घरात तूप नसेल तर भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट चालतो. दात नसलेल्या वडीलधाऱ्यांना आणि वर्षाच्या आतबाहेरच्या बाळाला हीच खिचडी पातळ करून, तिखटाशिवाय द्यावी. एका चुलीवर तीन पिढ्यांचे जेवण होते.

थोड्या हाडांचा दालचा

मटण महाग आहे म्हणून मुलांच्या ताटातून ते पूर्ण गेले पाहिजे असे नाही. अर्धा किलो हाडे घ्या, थोडे मांस चिकटलेली. आले-लसूण, हळद आणि मीठ घालून कुकरमध्ये मऊ शिजवा. दीड वाटी हरभरा आणि तूर डाळ वेगळी शिजवून घोटा. दोन्ही एकत्र करून दुधीच्या मोठ्या फोडी, चिंचेचा कोळ आणि वाळवलेला कांदा घाला, दुधी शिजेपर्यंत उकळा. दहा माणसांना पुरेल एवढा दालचा होतो. शोरबा करताना पाणी थोडे वाढवावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना दिली होती. काटकसर आणि दानत एकाच पातेल्यात कशी राहतात, हे त्या शिकवणीतून कळते.

आणि शिळी भाकरी? ती कुस्करून, कांदा-शेंगदाण्याच्या फोडणीवर पाण्याचा हबका मारून परतली की दुसऱ्या दिवसाचा नाश्ता झाला. मात्र भात आणि डाळ रात्रभर उघडी राहिली असेल, तर थंडी आहे म्हणून भरवसा ठेवू नका. वास घ्या, खळखळून गरम करा, आणि शंका आली तर मुलांना देऊ नका.

गॅस संपला तर

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो लावल्याची तारीख सिलिंडरवर खडूने लिहिली, तर दोन-तीन महिन्यांत आपल्या घरचा हिशेब कळतो, आणि संपायच्या आठवडाभर आधी नंबर लावता येतो. एकच सिलिंडर असलेल्या घरांनी ५ किलोच्या लहान सिलिंडरची चौकशी जवळच्या गॅस एजन्सीत जरूर करावी.

गॅस वाचवण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गोधडी. जाड बुडाच्या पातेल्यात तांदूळ किंवा मसूर डाळ घालून, घट्ट झाकणाखाली पाच-दहा मिनिटे चांगली उकळू द्या. मग आचेवरून उतरवून लगेच जाड गोधडीत किंवा जुन्या कांबळीत सगळीकडून गुंडाळा आणि खोक्यात ठेवा. तांदूळ पाऊण तासात, मसूर दीड-दोन तासांत आपल्याच वाफेवर शिजते. पातेले जेवढे भरलेले, तेवढी ऊब जास्त टिकते. मध्ये उघडून पाहू नका. वाढण्यापूर्वी एकदा उकळी आणा, आणि रात्रभर असे ठेवू नका, कारण कोमट झालेले अन्न नासते. राजमा या रीतीने शिजवू नये. त्याला शेवटपर्यंत चांगली उकळी लागते.

द्राक्षाच्या छाटणीच्या वाळलेल्या काड्या आपल्याकडे फुकट मिळतात. पण त्यांवर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. घरातल्या चुलीत त्या जाळू नयेत.

शेगडी: ऊब देते, जीवही घेते

हा भाग घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा, ही माझी विनंती आहे.

कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचे घमेले खोलीत घेऊन, दारे-खिडक्या लावून झोपू नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, मग गुंगी येते. झोपेत असलेल्या माणसाला तर जागच येत नाही. घरातल्या दोन-तीन जणांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर ते थंडीचे दुखणे समजू नका. सगळ्यांना तत्काळ मोकळ्या हवेत आणा आणि मगच बाकीचे पाहा. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर झरोका बुजवलेला नसावा. तोच वायू तिथेही तयार होतो.

झोपताना घरात आग पेटती ठेवू नका, ही प्रेषितांची (स.) ताकीद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. थंडीतल्या एवढ्या साध्या नियमाला याहून मोठा आधार कशाला हवा? शेकायचे ते अंगणात शेका, निखारे पाण्याने विझवा, आणि आत येऊन अंथरुणात शिरा. अंथरुणाखाली कोरडे गवत, पोते किंवा पुठ्ठा घातला तर वरच्या दुसऱ्या गोधडीपेक्षा जास्त ऊब मिळते, कारण थंडी जमिनीतून वर येते. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पायाशी ठेवता येते. लहान मुलांच्या अंगाला ती चिकटू देऊ नका.

रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करा. सेहरीला झोपेत उठून काडी ओढण्याआधी वास घ्या. गॅसचा वास आला तर विजेचे बटण चालू-बंद करू नका. खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ वर कळवा.

मुले आणि वडीलधारी

बाळाला सर्दी झाली की आपण बाम चोळतो आणि वाट पाहतो. वाट किती पाहायची, याचे माप घड्याळात आहे. मूल शांत असताना मिनिटभर त्याच्या पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील, तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल पीत नसेल किंवा सुस्त झाले असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. नवजात बाळाचे हातपाय आणि पोट गार लागले, तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला आणि दवाखाना गाठा.

थंडीत मुलांना जुलाबही होतात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. चमचा सपाट भरायचा. मीठ वाढले तर अपाय होतो. अंगावरचे दूध बंद करू नका.

वडीलधाऱ्यांना पहाटेच्या वुजूसाठी कोमट पाणी द्या. अंथरुणातून एकदम उठून गार हवेत जाण्याऐवजी त्यांनी दोन मिनिटे बसून, कान झाकून, मगच बाहेर पडावे. छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम, जीभ जड होणे, तोंड वाकडे होणे यांतले काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२, विजेच्या तक्रारीसाठी १९१२. हे आकडे मुलांनाही पाठ असावेत. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या आहेत त्यांच्या गोळ्यासुद्धा पंधरा दिवसांच्या डब्यातच मोजा. रमजानमध्ये त्या कोणत्या वेळी घ्यायच्या, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

एका पिशवीत टॉर्च, मेणबत्ती, काडेपेटी, चार्ज केलेली पॉवर बँक, आधार आणि शिधापत्रिकेच्या प्रती, आणि थोडे सुटे पैसे ठेवा. वीज आणि रेंज दोन्ही गेल्यावर मोबाइलमधले पैसे दुकानदाराला देता येत नाहीत. पिशवी कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. पुरुष मंडळी बाजारात किंवा गाडीवर असताना संकट येते, तेव्हा निर्णय घरातल्या बाईलाच घ्यायचा असतो. पैसे कुठे आहेत हे तिलाच ठाऊक नसेल, तर सगळी तयारी अपुरी आहे.

डब्यातला शेजाऱ्याचा वाटा

द्राक्षाच्या कामासाठी पेठ, सुरगाणा भागातून मजूर कुटुंबे आपल्याकडे येतात. बागेच्या कडेला, ताडपत्रीच्या झोपडीत त्यांची तान्ही मुले दोन-तीन अंशांची रात्र काढतात. अवकाळीत आपली मजुरी थांबते तशी त्यांचीही थांबते, आणि त्यांचा ओळखीचा किराणावालाही इथे नसतो. प्रेषितांनी (स.) शेजाऱ्याचा हक्क सांगताना भुकेल्या शेजाऱ्याशेजारी पोटभर जेवून झोपणाऱ्याबद्दल किती कडक शब्द वापरले आहेत, हे आपण जाणतोच. त्यांत शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही.

म्हणून चार मुठींतली एक मूठ आजपासून शेजाऱ्याच्या नावाने वेगळ्या बरणीत टाका. तीन महिन्यांत तीन किलोंच्या वर धान्य होईल. गल्लीतल्या दहा घरांनी असे केले तर तीस किलो, म्हणजे एका कुटुंबाचा पंधरा दिवसांचा पुरा डबा. उरलेल्या तीन मुठी आपल्या घराच्या. आपला डबा भरायला त्याने एखादा महिना जास्त लागेल, तो लागू द्या.

या आठवड्यात तीन कामे करा: मुठीचा डबा मांडा, शिधापत्रिकेवरची नावे तपासा, आणि शेगडीचा नियम घरात सर्वांना सांगा. बाकीचे हळूहळू होईल, इन्शाअल्लाह. अल्लाह तुमच्या चुलीत बरकत देवो आणि ही थंडी सर्वांना सुखरूप जावो. आमीन.